न प्यालेल्या दारूची कबुली

सदाशिव पेठ, पुणे
१५ जानेवारी २०२५

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दिवाळीच्या पत्राचे उत्तर संक्रांत उलटल्यावर लिहीत आहे, तेव्हा शिव्या राखून ठेव. प्रकृती ठीक आहे, रात्रीची गोळी चुकत नाही.

काल श्रीधरने माझ्या हातावर तिळगुळाची वडी ठेवली, खोलीचे दार लोटून घेतले आणि अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "दादा, आता दारू सोड." गोड बोलण्याचा दिवस त्याने असा साधला. कपाटात लाईट बिल शोधताना त्याला माझा सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला होता आणि त्याच्या शेवटच्या ओळीत सिरोसिस, म्हणजे व्रणांनी घट्ट झालेले यकृत, हा शब्द होता. आपल्या पेठेत सिरोसिसला एकच कारण असते, हे तुला सांगायला नको. मी लग्न का केले नाही, गणपतीत रात्री लवकर वर का जातो, या सगळ्याचा उलगडा त्याला त्या एका शब्दाने झाला.

तू हसशील आणि तो हक्क तुझाच आहे. १९९१ साली सिंहगडावर पिठले-भाकरी समोर निवत असताना मी तुला यकृतावर तासभर व्याख्यान दिले होते आणि त्यावरून आपण दोन महिने बोलत नव्हतो. तुझे यकृत आजही धडधाकट आहे, आणि दारूला कधी न शिवलेला मी काल मान खाली घालून "सोडतो" म्हणालो.

दुसरे काय म्हणणार होतो? दारू नव्हे, हिपॅटायटिस सी, असे म्हटले असते तर तो कुठून आला हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याच फाइलमध्ये चार कागदांखाली एआरटीचे, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचे, कार्ड होते. त्याने ते पाहिले नाही हे दैव.

आता तुझ्यापासून लपवलेले सांगतो, कारण हे पत्र खरे त्याचसाठी आहे. २०२१ मध्ये विषाणू गेला म्हणून मी फोन केला तेव्हा तू केवढ्याने ओरडला होतास. त्या ओरडण्यात पुढचे वाक्य मी गिळले. विषाणू गेला, यकृतावरचे व्रण राहिले. २००५ पासून माझे एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या त्रासाचा रक्तातला आकडा, थोडे वाढलेलेच असायचे आणि मी जात होतो तिथे दर वेळी त्याचा दोष एचआयव्हीच्या गोळ्यांना दिला जाई. त्यातली नेव्हिरापिन यकृताला त्रास देते हे खरेच आहे, त्यामुळे मलाही ते पटले, आणि चौदा वर्षे हिपॅटायटिस सीची साधी तपासणी कोणी केली नाही याचा राग मला आजही येतो. नव्या डॉक्टरीणबाईंनी ती केली, मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचे मोजमाप, केला, मग यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन. उजव्या बरगड्यांच्या फटीत कोणीतरी दहा-बारा टिचक्या माराव्यात, तेवढाच त्याचा त्रास. आकडा निघाला १९ किलोपास्कल, म्हणजे सिरोसिसच. बाईंनी समजावले की, एचआयव्ही सोबत असला की यकृतात व्रण साठण्याचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो, कारण प्रतिकारशक्ती दुबळी झालेली असते आणि शिवाय तो विषाणू व्रण तयार करणाऱ्या पेशींना स्वतःच डिवचत राहतो.

औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून फुकट मिळाली: सोफोसबुविर आणि वेलपाटासविर, दिवसाला एक गोळी, बारा आठवडे. आधी माझे एचआयव्हीचे औषध एफाव्हिरेंझ बदलून डोल्युटेग्राविर करावे लागले, कारण एफाव्हिरेंझमुळे वेलपाटासविरचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. गोळ्या संपल्यानंतर पुन्हा बारा आठवड्यांनी विषाणू सापडला नाही, आणि यालाच बरे होणे म्हणतात. फायब्रोस्कॅनचा आकडाही १४ वर उतरला. तरी कर्करोगाची भीती कमी होते, संपत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि यकृताच्या कर्करोगाचा माग घेणारी एएफपीची रक्ततपासणी चालू राहणार. हिपॅटायटिस सीची ॲन्टिबॉडी तर जन्मभर पॉझिटिव्हच येणार. दाढ काढायला गेलो तेव्हा पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आहेच असे नव्हे, हे त्या तरुण दंतवैद्याला मला अर्धा तास शिकवावे लागले.

वहिनींनी कालपासूनच गुळवेलीचा काढा सुरू केला आहे. २०२० साली मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? काढा मोगऱ्याच्या कुंडीत जातो. मोगरा अजून तरी पिवळा पडलेला नाही.

कात्रजच्या घाटातल्या अपघाताचा विषय काढणार नाही असे ठरवले होते, पण काढतो. गाडी तू चालवत होतास हे खरे, वळणावर वाळू होती हेही खरे, आणि १९९३ साली विकतच्या रक्ताच्या ज्या दोन बाटल्या मला चढल्या त्यांची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी तेव्हा सक्तीची नव्हती, हे सर्वांत खरे. दोन्ही दुखणी तिथूनच आली का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तू मात्र बत्तीस वर्षे ते आपल्या माथी घेऊन बसला आहेस आणि मला त्याचा कंटाळा आला आहे.

खरी काळजी निराळी आहे. दारुडा म्हणून माझे या घरात बरे चालले आहे. आज सकाळी शिराही मिळाला. एचआयव्हीचे नाव निघाले तर शिरा मिळेल का, मुले माझ्या ताटातले उचलून खातील का, या विचाराने मी रात्रभर जागा होतो. माझ्या संमतीवाचून ही गोष्ट कोणी उघड करू नये असे २०१७ चा कायदा म्हणतो, पण मौन कसे निभवायचे ते काही त्यात लिहिलेले नाही. उद्या सिरोसिसमुळे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्त येऊन मी मध्यरात्री बेशुद्ध झालो, तर श्रीधर डॉक्टरांना काय सांगेल? "दारू पितात," एवढेच. माझ्या गोळ्यांची नावे कोणाला कळणार नाहीत आणि तो बिचारा मनापासून खोटे बोललेला असेल. म्हणून त्याला सांगावे असे वाटते, पण एकट्याने सांगायचा धीर होत नाही. तू शेजारी बसलास तर तो ऐकेल, कारण त्या गाडीवर तू होतास.

मुक्ताच्या लग्नाला आलो नाही, त्याबद्दल तिच्याशी स्वतंत्र बोलेन. गुडघ्याचे ऑपरेशन लांबवू नकोस.

शनिवारी, २५ तारखेला सकाळी रिकाम्या पोटी माझी सोनोग्राफी आहे आणि संध्याकाळी पाच वाजता व्यसनमुक्तीची बैठक आहे, ज्यात श्रीधरने माझे नाव घातले आहे आणि तो स्वतः मला घेऊन जाणार आहे. त्या दिवशी सोलापुराहून हुतात्मा एक्सप्रेस पकडलीस तर दुपारचे जेवण आपण तिघे बरोबर करू. येताना शेंगाची चटणी आण. ती मला चालते, बाईंना विचारून ठेवले आहे.

तुझा,
वसंता