ताई, तुम्ही खुर्ची वळवलीत त्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे एवढ्या थोड्या ओळखीतही कळलंय. तरी पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितो आहोत. घरातल्या एका कॉम्प्युटरचे फोल्डर दुसऱ्यावर आपसूक दिसायला लागले की पोटात जो गोळा येतो, तो बऱ्याच जणांच्या ओळखीचा असणार. त्यावर जे सल्ले मिळतात, तेही.

तुमच्याआधी तीन मिळाले होते. पहिला, 'व्हायरस आहे, फॉरमॅट मारा.' दुसरा, 'राउटर हॅक झालाय, नवीन घ्या.' तिसरे महाशय लॅपटॉप मांडीवर घेऊन आमच्या डेस्कटॉप कॉम्प्युटरवरची एकेक फाइल उघडत बसले. पगाराच्या स्लिपा, तब्येतीचे रिपोर्ट, 'हे बघा, हेही उघडतंय!' असं प्रत्येक वेळी वर तोंड करून. आणि मग अँटीव्हायरसचं वर्षभराचं पॅकेज. हा फोल्डर नेमका कुठल्या वाटेने दिसतोय, एवढं एक विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

तुम्ही आल्या आल्या तेच विचारलंत. आणि आम्ही फोल्डर उघडायला गेलो तेव्हा खुर्ची खिडकीकडे वळवून बसलात. "आतली नावं मला नकोत. वरच्या ॲड्रेस बारमध्ये रिकाम्या जागी क्लिक करा आणि मार्ग तेवढा वाचून दाखवा."

आभार मानायचे ते मुख्यतः त्या वळवलेल्या खुर्चीचे. बाकीचं ज्ञान काय, शोधलं तर सापडलंही असतं. पण सगळं उघडं पडलंय या विचाराने आधीच ओशाळलेल्या माणसासमोर कोणीतरी स्वतःहून नजर फिरवून बसतं, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर येतं.

मार्ग वाचला आणि अर्धं कोडं तिथेच सुटलं. दोन उलट्या तिरप्या रेघा, मग यंत्राचं नाव, आणि त्याला लागून जे येतं ते शेअरचं, म्हणजे नेटवर्कवर मांडलेल्या फोल्डरचं, नाव: \\डेस्कटॉप\युजर्स\... शेअर केला होता फक्त 'फोटो' नावाचा फोल्डर, मग हा 'युजर्स' कुठून उपटला? तुम्ही पाठमोऱ्याच हसलात. "विझार्डने शेअर केलं होतं ना? राइट-क्लिक करून 'गिव्ह ॲक्सेस टू', मग एव्हरीवन?"

तसंच केलं होतं. विंडोजचा शेअरिंग विझार्ड, म्हणजे दोन-चार क्लिकांत शेअर करून देणारा मदतनीस, त्याला युजर्सच्या आतला, म्हणजे पिक्चर्स, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप यांतला कुठलाही फोल्डर शेअर करायला सांगितला, की त्या फोल्डरला वेगळं नाव देऊन शेअर करत नाही. तो सी ड्राइव्हवरचा आख्खा युजर्स फोल्डर 'युजर्स' या नावाने नेटवर्कवर मांडतो आणि परवानगी तेवढी त्या आतल्या फोल्डरवर लिहितो. शेअरच्या यादीत मग 'एव्हरीवन, फुल कंट्रोल', म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, असं दिसतं आणि पाहणाऱ्याला घाम फुटतो.

खरं तर परवानगीच्या याद्या दोन असतात. एक शेअरची, ती फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू. दुसरी एनटीएफएसची, म्हणजे विंडोज ज्या पद्धतीने ड्राइव्हवर फाइली मांडतं तिची, प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवर दिसते ती. ती समोर बसलेल्यालाही लागू. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी जास्त कडक असेल तेवढीच मुभा मिळते. विझार्ड पहिली यादी सताड उघडी ठेवतो आणि सगळी मदार दुसरीवर टाकतो. प्रत्येक खात्याच्या फोल्डरवर मुळात तो खातेदार, ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिम एवढ्यांनाच वाव असतो, म्हणून बाहेरच्याला 'युजर्स' दिसला तरी आतलं कागदपत्र उघडत नाही. विंडोजचं हे वागणं चूक नाही, पण ते कोणी सांगत नाही, हे मात्र चूकच.

मग तिसऱ्या महाशयांना सगळं कसं उघडलं? ते ज्या लॅपटॉपवर बसले होते त्यावर आणि डेस्कटॉपवर खात्याचं नाव तेच, पासवर्डही तोच. घरी सगळेच सोयीसाठी तसं करतात. अशा वेळी विंडोज आधी चालू खात्याचं नाव-पासवर्ड पुढे करून बघतं. ते जुळलं की काही न विचारता मालक समजून आत घेतं, आणि मालकाला मालकाच्या फाइली दिसणारच. क्रेडेन्शियल मॅनेजर या विंडोजच्या पासवर्डांच्या कप्प्यात कधीतरी जपून ठेवलेला पासवर्डही असाच गुपचूप वापरला जातो. म्हणजे ते स्वतःच्या घराचं कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडून 'चोरी, चोरी' ओरडत होते. तुम्ही हे असं बोलला नाहीत. तुम्ही फक्त म्हणालात, "तपासायचं असेल तर वेगळ्या खात्यावरून तपासावं."

वेगळ्या खात्यावरून पाहिलं तेव्हा सगळं बंद निघालं. एक फोल्डर सोडून. नेमका पगाराच्या स्लिपांचा. तिथे शेअर झालेला नसताना, डॉक्युमेंट्समध्ये नीट ठेवलेला असताना, पूर्ण मार्ग टाइप केला की तो उघडत होता.

हे प्रकरण तुम्ही ज्या शांतपणे सोडवलंत ते सविस्तर लिहायलाच हवं, कारण यात भलेभले फसतात. तो फोल्डर आधी काही दिवस 'फोटो'मध्ये होता आणि नंतर कट-पेस्ट करून डॉक्युमेंट्समध्ये आणलेला. एकाच ड्राइव्हवर एनटीएफएसमध्ये फोल्डर हलवला की तो जुन्या परवानग्या अंगावर घेऊनच जातो. कॉपी केला तर नव्या जागेच्या परवानग्या घेतो, कारण कॉपी म्हणजे नवा फोल्डर. हलवणं म्हणजे नुसता पत्ता बदलणं. 'फोटो'मधला 'एव्हरीवन, रीड' हा शेरा त्या स्लिपांसोबत नव्या घरी राहायला आला होता. आणि वाटेतल्या फोल्डरांना कुलूप असलं तरी काही बिघडत नव्हतं. मूळ सेटिंग तसंच ठेवलेलं असेल तर विंडोज वाटेतल्या दारांवर अडवत नाही, फक्त शेवटच्या दारावर परवानगी विचारतं. वाट चालत जाणारा अडतो. पूर्ण पत्ता ठाऊक असलेला थेट पोचतो.

उपाय दोन मिनिटांचा. त्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबवर ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'डिसेबल इन्हेरिटन्स' (वरच्या फोल्डरकडून परवानग्या घेणं बंद) करून पुन्हा 'एनेबल' करायचं आणि उरलेली 'एव्हरीवन'ची ओळ काढून टाकायची. किंवा कमांड प्रॉम्प्टवर 'आयकॅल्स' (icacls), फोल्डरचा मार्ग, मग '/रीसेट /टी' (/reset /t). 'टी' म्हणजे आतल्या सगळ्यांनाही. ही कमांड हाताने दिलेल्या सगळ्या खास परवानग्या पुसते, म्हणून ती आपल्या कागदपत्रांच्या फोल्डरवरच चालवायची. युजर्सवर किंवा विंडोज फोल्डरवर चालवणाऱ्याचा दिवस वाईट जातो, असं तुम्ही म्हणालात. त्यामागे कोणाचा तरी खराखुरा वाईट दिवस असावा असं वाटलं.

'युजर्स' शेअर काढतानाही तुम्ही एकदा हात धरलात. 'फोटो'वरचा ॲक्सेस काढला तरी 'युजर्स' मागे राहू शकतो. तो काढायचा तर युजर्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग टॅब, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, आणि 'शेअर धिस फोल्डर'वरची खूण काढायची. बस. शेजारच्या सिक्युरिटी टॅबला बोट लावायचं नाही. तिथली 'एव्हरीवन'ची ओळ विंडोजची स्वतःची आहे. घाबरलेला माणूस नेमकी तीच काढायला जातो.

'फोटो'साठी युजर्सच्या बाहेर नवा फोल्डर केला आणि ॲडव्हान्स्ड शेअरिंगने त्याला स्वतःचं नाव दिलं. सी ड्राइव्हवर थेट केलेल्या फोल्डरात त्या कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक खात्याला बदल करायची मुभा मुळातच मिळते, पण ॲडव्हान्स्ड शेअरिंग शेअरच्या यादीत सुरुवातीला 'एव्हरीवन, रीड' एवढंच लिहितं. दोन्हींतली कडक लागू, म्हणून नेटवर्कवरून नुसतं पाहता येतं, पुसता येत नाही. आणि हो, जुने फोटो तिथे कॉपी करून मग मूळचे काढले. कट-पेस्ट नाही! एवढं कळलं होतं तोवर.

बाकीच्या शंका तुम्ही भराभर मिटवल्यात. सी$, ॲडमिन$, आयपीसी$ हे डॉलरवाले शेअर विंडोज स्वतः बनवतं. त्यातले सी$ आणि ॲडमिन$ फक्त ॲडमिनिस्ट्रेटरसाठी असतात, आणि काढले तरी पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू झाला की परत हजर. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद असेल तर 'एव्हरीवन' म्हणजे वाय-फायवर आलेला खरोखर कोणीही; चालू असेल तर त्या कॉम्प्युटरवर खातं असलेलेच. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि ते बटण 'ऑल नेटवर्क्स' या शीर्षकाखाली सगळ्यात तळाशी दडवलेलं. विंडोज ७ च्या काळात होमग्रुप, म्हणजे घरातले कॉम्प्युटर जोडायची जुनी सोय, केलेला असेल तर विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीत होमग्रुप गेला, पण त्यातून केलेले शेअर तसेच राहिले. जुन्या यंत्रांवरची बरीचशी 'भुतं' हीच. नेटवर्कमध्ये गाणी-व्हिडिओच्या चिन्हासह दिसतं ते मीडिया स्ट्रीमिंग, त्याचा फोल्डर शेअरिंगशी संबंध नाही. राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावलेली असेल तर ती वेगळीच पाहायची, कारण तिथे विंडोजच्या परवानग्यांचं काहीही चालत नाही. आणि राउटरने ४४५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे फोल्डर शेअरिंगचं नेटवर्कवरचं दार, बाहेर इंटरनेटला उघडून दिलेलं नसेल तर हे सगळं घरातल्या घरात असतं. राउटर बदलायला सांगणाऱ्याला एवढं ठाऊक असायला हवं होतं.

शेवटी निघताना तुम्ही केलेली तपासणी तर फारच आवडली. सगळं बंद केल्यावरही लॅपटॉपवर जुना फोल्डर उघडतच होता आणि आमचा चेहरा पुन्हा पडला. "जुनी ओळख अजून तुटलेली नाही," म्हणालात. एकदा जोडलेलं सत्र विंडोज लगेच सोडत नाही. 'नेट यूज * /डिलीट' (net use * /delete) ही कमांड देऊन, साइन आउट करून परत आलो, तेव्हा खरं चित्र दिसलं. त्याआधी घेतलेली कुठलीच चाचणी धरायची नाही. डेस्कटॉपच्या बाजूने पाहायचं तर 'एफएसएमजीएमटी डॉट एमएससी' (fsmgmt.msc) उघडून 'सेशन्स'मध्ये आत्ता कोण जोडलेलं आहे ते दिसतं.

हे सगळं माउसला हात न लावता. प्रत्येक क्लिक आमच्याकडून करवून घेतलंत, चुकलं तेव्हा "आता एक पाऊल मागे" एवढंच. ज्यांच्या हाती रोज दुसऱ्यांची कपाटं उघडी पडतात, त्यांच्यातली किती माणसं दार हळूच लोटून घेतात आणि किती आत डोकावून मग बिल देतात, याचा हिशोब कोणी ठेवत नाही. कोणी ठेवला तर तुमचं खातं आमच्याकडून लिहून घ्यावं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे 'नेट शेअर' (net share) या कमांडने आलेली यादी कागदावर उतरवून टेबलाच्या खणात ठेवली आहे. महिन्याने पुन्हा काढून ताडून पाहा म्हणाला होतात. पाहिली. मागच्या वेळी सी$, ॲडमिन$, आयपीसी$ आणि 'फोटो' अशा चार ओळी होत्या. या वेळी दोन जास्त निघाल्या. पाचवी प्रिंट$ आणि सहावी घरच्या प्रिंटरची. काळजात धस्स झालं, फोन हातात घेतला, तुमचा नंबर काढला, आणि मग आठवलं की आदल्याच आठवड्यात प्रिंटर शेअर केला होता. फोन खाली ठेवला.

आपले ऋणी,
डेस्कटॉपवाले घर