नोटेवरची तारीख

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "गल्लीतलाच माणूस आहे, पैसे कुठं जातात?" माणूस कुठं जाणार नाही, पण कोर्टात दावा लावायची मुदत जाईल, म्हणून सविस्तर लिहिते.

काकांनी तुमच्याकडून घेतलेल्या दीड लाखाच्या प्रॉमिसरी नोटवर, म्हणजे पैसे परत देण्याच्या लेखी वचनावर, 14 नोव्हेंबर 2023 ही तारीख आहे आणि 'मागाल तेव्हा देईन' असं लिहिलंय. अशा नोटेची तीन वर्षं तुम्ही पैसे मागितल्यापासून नव्हे, नोटेच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे 14 नोव्हेंबर 2026 पर्यंतच दावा लावता येईल. तो दुसरा शनिवार आहे. कोर्ट बंद असलं तर उघडेल त्या दिवशी दावा घेतात, पण दिवाळीच्या त्या आठवड्यापर्यंत थांबूच नका. अपिलाला झालेला उशीर कोर्ट माफ करू शकतं, दाव्याचा नाही. समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशांना दावा फेटाळावाच लागतो. वकिलाच्या नोटिशीनं एक दिवसही वाढत नाही. "उसाचं बिल आलं की देतो" हा तोंडी वायदाही धरत नाहीत.

तेव्हा मुदत संपायच्या आत काकांकडून एवढंच लिहून घ्या: 'दि. 14 नोव्हेंबर 2023 च्या नोटेचे 1,50,000 रुपये मी आपणास देणे बाकी आहे.' खाली त्यांची सही आणि त्या दिवसाची तारीख. सही केलेल्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. मराठीत लिहिलं तरी चालतं. पुढं कोर्टात लागलं तर भाषांतर जोडता येतं. त्यांनी थोडे पैसे दिले तरी मुदत वाढते, पण तेही मुदतीतच आणि दिल्याची नोंद त्यांच्या हातची किंवा सहीची हवी. तुमच्या डायरीत तुम्हीच 'पाच हजार आले' लिहिलंत तर त्याचा उपयोग नाही. चेकनं दिले तर चेकवर त्यांची सही असतेच.

तारीख उलटल्यावर मात्र 'बाकी आहे' एवढं पुरत नाही. तेव्हा 'देईन' असं सहीनिशी वचन लागतं. एका क्रियापदावर दीड लाख अडकतात, बाबा.

आई, हीच गोष्ट उलट बाजूनं तू लक्षात ठेव. जुन्या, मुदत गेलेल्या कर्जाचा कागद घेऊन कुणी दारात आलं आणि "नुसती सही करा, ताई" म्हणालं, तर करू नकोस. त्यात 'देईन' असेल तर मेलेलं कर्ज उठून बसतं. कागदाचा फोटो आधी मला पाठव. जमीन गहाण असेल तर मुदत 12 वर्षांची असते, तिथं हा तीन वर्षांचा हिशोब लावू नका.

दुकानाच्या उधारीचं: पैसे द्यायची तारीख ठरली नसेल तर प्रत्येक माल दिल्याच्या तारखेपासून त्या मालाची तीन वर्षं वेगळी मोजतात. 2024 च्या गणपतीतलं सामान आणि यंदाचं सामान एकाच पानावर असलं तरी मुदत एक नाही. शिवाय नुसत्या आपल्या वहीवर कोर्ट कुणाला देणेकरी ठरवत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. म्हणून दर दिवाळीला पानाखाली बेरीज मारून 'वरील बाकी मान्य' असं लिहून गिऱ्हाइकाची तारखेसह सही घ्या. तिकडं महाराष्ट्रात चंदगडला राहायला गेलेल्यांनाही हेच लागू, कायदा केंद्राचा आहे.

नोटेवरचं रेव्हेन्यू स्टॅम्पही बघा. सही स्टॅम्पवरून आडवी गेलेली हवी, बाजूला नको. स्टॅम्पच नसेल तर ती नोट दंड भरूनही पुराव्यात घेत नाहीत. तसं असेल तर काकांच्या खात्यात पैसे गेल्याची नोंद बँकेच्या पासबुकात शोधावी लागेल.

काकांकडे जाताना झेरॉक्स न्या, मूळ नोट कपाटातच राहू दे. तिचे दोन्ही बाजूंचे फोटो आजच पाठवा.

तुमची,
ताई