तक्रार: ग्राफिक नॉव्हेलऐवजी मूळ कादंबरी पाठवली, परतही घेत नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन पुस्तक विक्री विभाग

महोदय,

अमेरिकन लेखक एडमंड व्हाइट यांच्या 'अ बॉइज ओन स्टोरी' या कादंबरीची ग्राफिक, म्हणजे चित्रकथेच्या रूपातली, आवृत्ती मी तुमच्या अ‍ॅपवरून मागवली. फोटो तिच्याच मुखपृष्ठाचा होता, नावापुढे 'ग्राफिक नॉव्हेल' लिहिलेलं होतं, पैसेही तिचेच घेतलेत. पार्सलमधून निघाली १९८२ची मूळ कादंबरी. आत औषधालाही चित्र नाही.

परत करायला गेलो तर 'योग्य वस्तू पोहोचली' असा शेरा मारून विनंती बंद केली. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, नाव तेच, लेखक तेच, मग पुस्तक तेच ना?" आमच्याकडे भरीत मागवणाऱ्याला बामणोदची कच्ची वांगी धाडून कुणी 'वांगं तेच ना' म्हणत नाही.

मी अमळनेरला चित्रकला शिकवतो. मूळ कादंबरी माझ्याकडे आहेच, वाचून वाचून तिची शिवण सुटली आहे. मला हवं होतं ते ब्रायन अलेसांड्रो आणि मायकेल कॅरोल (हे व्हाइट यांचे पती) यांनी केलेलं रूपांतर आणि इगोर कराश यांची चित्रं. कादंबरीत १९५०च्या दशकातल्या अमेरिकेतला समलिंगी मुलगा स्वतःची गोष्ट सांगतो, त्याला नाव नाही. गद्यात ते चालून जातं. चित्रात तो दिसला की त्याला चेहरा द्यावाच लागतो. एका मुलाने दुसऱ्याकडे चोरून पाहिलं, हे लिहायला एक ओळ पुरते. काढायला बसलं की नजर कुठे, मान किती वळलेली, समोरच्याला कळलं की नाही, सगळं ठरवावं लागतं. आणि निवेदनातलं किती चौकटीत ठेवायचं, किती चित्रावर सोडायचं? इथल्याच एका मुलाची अशी गोष्ट मी सध्या चित्रांत काढतोय, संवाद अहिराणीत. म्हणून ही आवृत्ती हवी होती. शोभेला नको होती.

दुसरी तक्रार मला जास्त लागली. पार्सलच्या लेबलवर पत्त्याच्याही वर, ठळक अक्षरांत 'गे फिक्शन' असं पुस्तकाच्या विभागाचं नाव छापलं होतं. मी शाळेत असल्याने डिलिव्हरीवाल्याने ते गल्लीतल्या किराणा दुकानात ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते काउंटरवर, शेंगदाण्याच्या बरणीला टेकून. दुकानदाराने विचारलं, "सर, हाई काय शे?" मी सांगितलं. मला त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण घरात अजून कुणालाच न सांगितलेल्या एखाद्या पोराने हे मागवलं असतं तर? समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला, तो गल्लीत पोहोचायचाय. विभागाचं नाव तुमच्या गोदामाच्या कामाचं, ते पाकिटावर कशाला?

तेव्हा ग्राफिक आवृत्ती पाठवा; नसेल तर पूर्ण पैसे परत करा. दोन्ही आवृत्त्यांचे आयएसबीएन (पुस्तकाचे ओळख क्रमांक) वेगळे आहेत, अ‍ॅपवरही त्या वेगळ्या दाखवा. लेबलवरून विभागाचं नाव काढा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास १९१५ या हेल्पलाइनवर आणि पुढे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

बिल आणि लेबलचा फोटो सोबत जोडला आहे. आलेली प्रत जशीच्या तशी ठेवली आहे. न्यायला माणूस पाठवाल तर शाळा सुटल्यावर, पाचनंतर पाठवा.

आपला ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव