शनिवारच्या ताईंना, सोलापूरच्या पूर्व भागातून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

दर शनिवारी तुम्ही आमच्या वर्गावर तास घेता, पण त्याबद्दल तोंडावर आभार मानायला गेलं की विषय बदलता. म्हणून आता चारचौघांत, जाहीरच लिहितो.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मूल्यशिक्षणातली मूल्यं ऑइलपेंटनं रंगवलेली आहेत. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. परिपाठात पोरं ती घडाघडा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांचं प्रशिक्षणही मी घेतलंय, पुस्तिका कपाटात आहे. पण जिथं आई विड्या वळते आणि वडील लूमवर रात्रपाळी करतात, त्या घरातल्या पोराशी हे सगळं जोडायचं कुठं? ते तुमच्या शनिवारच्या तासांत दिसलं.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही आणि अठराच्या आतल्या मुलाला तर कुठंच विकायची नाही, हा 2003 चा कायदा तुम्ही फळ्यावर लिहिलात आणि पोरांच्या हाती सुतळी दिलीत. शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. फाटकापासून निघालेली वरात टपरीशी पोचली तेव्हा निम्म्याहून जास्त सुतळी शिल्लक होती. टपरीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! मग वर्गात सराव: मामानं तंबाखूचा मावा आणायला पिटाळलं तर काय म्हणायचं? आधी पोरं ओरडली, मग लाजली, मग हळूहळू सरळ आवाजात 'मी नाही जाणार' म्हणायला लागली. एक मामा माझ्याकडं तक्रार घेऊन आले, पोरगं उलट बोलतंय म्हणून. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

पण खरे आभार त्यानंतरच्या प्रश्नाबद्दल. मधल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "तंबाखू वाईट, मग आमची अम्मा वाईट काम करते का?" मला एक गुळगुळीत उत्तर सुचलं होतं. तुम्ही मात्र म्हणालात, "अवघड आहे गं. तुम्हाला काय वाटतं?" आणि खाली बसलात. कुणी म्हणालं, घर त्यावरच चालतं. कुणी म्हणालं, आईला रात्री खोकला येतो. एकानं सांगितलं, माल वाईट, माणूस नाही. मागून आवाज आला, "मग दुसरं काम द्या ना तिला!" तुम्ही यातलं काहीही खोडलं नाहीत.

पुढच्या शनिवारी तिच्या अम्मालाच बोलावलंत. तंबाखू न घालता त्यांनी पान कापून, वळून, सुतानं बांधून दाखवलं. पोरांनी करून पाहिलं तर प्रत्येकाचं पान उलगडलं. मजुरी हजारामागे मिळते आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या हिशोबात धरत नाहीत, हे कळल्यावर वर्गानं आपणहून गणित मांडलं. ती मुलगी आईची तेलुगू मराठीत करून सांगत होती आणि मधेच "हळू बोल" म्हणून आईलाच दटावत होती. श्रमप्रतिष्ठेवरचा याहून चांगला तास मी तरी पाहिलेला नाही.

चार हुतात्मा चौकातही तुम्ही भाषण केलं नाहीत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यलढ्यातल्या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली, एवढं सांगितलंत आणि विचारलंत, त्यांना भीती वाटली असेल का? पोरं शाळेत पोचेपर्यंत भांडत होती.

सगळं बदललं असं लिहिणार नाही. टपरी अजून तिथंच आहे. ती हलवावी म्हणून पोरं लिहितायत त्या अर्जाचा तिसरा कच्चा खर्डा चालू आहे. आया पालकसभेला येऊन प्रश्न विचारायला लागल्यात, त्याचा मला थोडा तापही होतो, तो तुमच्या खात्यावर.

तुम्ही कधी रिक्षाभाडंही घेतलं नाहीत. आयांनी मिळून शेंगाचटणी कुटलीय, ती पाठवतोय. ती तरी परत पाठवू नका.

आपला,
एक वर्गशिक्षक