मनी आखाजीला येणार नाही

ती. नाना आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज भरून येतो आणि मग माझ्याच्यानेही मुद्द्याचं बोलवत नाही, म्हणून लिहितेय. मनीला मी इथेच ठेवून घेतेय. आखाजीला मी येईन, ती येणार नाही. तपासायला म्हणून नेली आणि ठेवूनच घेतली, असं वाटेल तुम्हाला. वाटू दे, पण आधी सगळं वाचा.

तिच्या हृदयाची भिंत जाड झालीय. मांजराच्या डाव्या कप्प्याची भिंत एरवी 6 मिलिमीटरच्या आत असते, हिची साडेसातच्या वर निघाली. जाड भिंत नीट सैल होत नाही, आत रक्त कमी मावतं, ते मागे तुंबतं आणि फुप्फुसाभोवती पाणी साचतं. खाटेखाली बसून ती पोट हलवत श्वास घेत होती, तो त्यानेच. मांजरांच्या हृदयाच्या आजारांत हाच सगळ्यात जास्त आढळतो.

आई, दूध-भाकरीचं मनातून काढून टाक. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. मांसातून मिळणारं टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय पातळ होऊन फुगतं; तो आजार वेगळा, हिचं बरोबर उलट आहे. आणि खळ्यातले उंदीर तिने कधी सोडले? काही परदेशी जातींत हा आजार रक्तातूनच येतो, गावठी मांजरांत पुष्कळदा कारण सापडतच नाही. तुझ्या हातून काही झालेलं नाही. आजीच्या वेळीही तू असंच जिवाला लावून घेतलं होतंस.

तिथे ठेवता आलं असतं का, हे मी सगळ्या बाजूंनी बघितलं. वैशाखात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, ऐन दुपारी लाइट जाते, कूलर बंद. रात्री दम लागला तर यावलहून न्यायचं कुठे? आपले डॉक्टर गाई-म्हशींना देवासारखे, पण त्यांच्याकडे इकोचं मशीन नाही. इथे दवाखाना रिक्षाने पाच मिनिटांवर.

शिवाय गोळ्या. पाणी काढायची दोनदा, रक्त पातळ करायची एकदा. नाना, स्टेंटनंतर तुम्हाला चालू आहे तीच, क्लोपिडोग्रेल 75, तिला पाव. गुठळी होऊन मागच्या पायांचं रक्त अडू नये म्हणून. अतिशय कडू असते, जिभेला लागली तर तोंडाला फेस येतो. म्हणून पाव तुकडा रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरायचा, टोकाला तूप लावायचं, जबड्याच्या कोपऱ्यातून बोट घालून तोंड उघडायचं, कॅप्सूल पार जिभेच्या मुळाशी सोडायची आणि लगेच सिरिंजने थोडं पाणी. नाना, तुमचा हात थरथरतो, आणि आईला तिची तडफड बघवत नाही. तुम्ही जीव लावून केलं असतंत, मला माहीत आहे. पण रोज, उन्हाळाभर?

ती मजेत आहे, खरंच. आईच्या लुगड्याची गोधडी गॅलरीच्या दाराशी घातलीय, सकाळचं ऊन तिथेच येतं. पितळी वाटीतच पाणी पिते, गोळीमुळे जरा जास्तच. भांड्याचा आवाज झाला की ओट्याखाली हजर. रात्री झोपली की मी तिच्या बरगड्यांकडे बघत श्वास मोजते. मिनिटाला 30 च्या आत असले की मीही झोपते. मला ताप आला की तू अशीच छातीवर हात ठेवून बसायचीस ना माय, आणि नाना दारातूनच विचारायचे, “उतरला का?”

पूर्ण बरी होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. गोळ्यांवर काही मांजरं महिने काढतात, काही वर्षं. अचानकही काही होऊ शकतं. तसं झालं तर मी तुमच्यापासून लपवणार नाही, आणि तिला त्रासात ठेवणार नाही.

आता ऐका. आखाजी झाली की दोघांनी इकडे यायचं, मनीजवळ राहायचं. भुसावळहून थेट गाडी आहे, खालचे दोन बर्थ मी काढते. नाना, स्वतःची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि दुपारी केळीत जायचं नाही. जे काही बघायचं ते सकाळी नऊच्या आत. आई, बिबडे यंदा थोडेच कर आणि गच्चीवर एकटी बसू नकोस. मुक्ताईला नवस बोललीस ते चांगलं केलंस, पण पायी जायचं बोलली असशील तर पाऊस पडून गेल्यावर. येताना कळण्याचं पीठ आण, इथे तसं मिळत नाही.

आणि इथे आल्यावर मनीला पापड, शेव, खारट काहीही द्यायचं नाही, ती कितीही मांडीवर येऊन बसली तरी. नाना, हे तुम्हाला सांगतेय.

तुमची,
सोनी