बचत गटातील भगिनींचे आभार
मेळघाटातील आमच्या गावच्या महिला बचत गटातील भगिनींचे मनापासून आभार मानायचे आहेत. नावे छापलेली त्यांना आवडणार नाहीत, म्हणून ती देत नाही. गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीत माझ्या दीड वर्षाच्या नातवाच्या दंडाला मोजपट्टी गुंडाळली, तेव्हा माप ११.५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे तीव्र कुपोषण दाखवणाऱ्या लाल भागात आले. अशा मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवावे लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि सून तर दिवसभर मजुरीवर. गटातील चौघींनी पाळ्या ठरवल्या. जिची पाळी असेल ती मऊ खिचडीवर चमचाभर तेल घालून आणायची आणि त्याने तोंड फिरवले तरी न रागावता (माझा धीर केव्हाच सुटलेला असे) वाटी रिकामी होईपर्यंत बसायची. त्याला हगवण लागली त्या रात्री दोघींनी जागून जलसंजीवनी चमच्या-चमच्याने पाजली आणि पहाटे नाल्याचे पाणी ओसरताच त्याला आरोग्य केंद्रात नेले. गाडीभाडे गटाच्या पेटीतून दिले गेले, ते परत घ्यायला अजून कोणी तयार नाही. दिवाळीनंतर माप हिरव्या भागात आले.