बेंच आलं, पण तालुक्याच्या कोर्टाच्या पैशाचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचच्या आणि त्याच्या कायमच्या इमारतीसाठीच्या शेंडा पार्कातल्या जागेच्या बातम्या तुमच्या पेपरात येतात त्या मी रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. १८ ऑगस्ट २०२५ ला भाऊसिंगजी रोडवर जुन्या कोर्टाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं तेव्हा मीपण गर्दीत उभा होतो, डोळ्यात पाणी आलं होतं खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षांच्या वर वकील मंडळींनी आणि कोल्हापूरकरांनी हे आंदोलन रेटलं. नाहीतर एका तारखेसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन, मुंबईत लॉज, आणि तिथं गेल्यावर कळायचं की मॅटर बोर्डावर पोचलंच नाही. आता सहा जिल्ह्यांची ती वारी संपली.

पण मला बोलायचंय ते बेंचबद्दल नाही, बेंचच्या खाली जी कोर्टं आहेत त्यांच्या पैशाबद्दल.

मी कोर्टात ३१ वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं नाझर म्हणून. नाझर म्हणजे काय हे हल्ली समजावून सांगावं लागतं. कोर्टात जमा होणारी रक्कम, दंड, डिपॉझिट, साक्षीदारांचा भत्ता, बेलिफांची कामं, खुर्चीचा मोडलेला पाय आणि संपलेला टोनर हे सगळं ज्याच्या गळ्यात तो नाझर. न्याय साहेब देतात, बल्बचं आम्ही बघतो.

आता भाचीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळंच हे पत्र लिहितोय. पोरगी इथंच एलएलबी झाली, सनद घेतली, दोन वर्षं एका सिनिअरकडं काढली आणि मग सगळं सोडून मुंबईला एका संस्थेत लागली. काम काय तर राज्य सरकारचं कोर्टांबाबतचं धोरण आणि बजेट याचा अभ्यास करायचा, टिपणं काढायची, आमदारांना, खात्यातल्या अधिकाऱ्यांना जाऊन भेटायचं. आमच्या घरात कुणाला काही कळलं नाही. बहीण अजून पाहुण्यांना सांगते की ती "मंत्रालयात कायतरी करते". मी स्वतः तिला म्हणालो होतो, बाळ, कोर्ट सुधारायचं तर कोर्टात उभं राहावं लागतं, बजेटची पुस्तकं वाचून काय होणार. तर ती म्हणाली, मामा, तुम्ही ३१ वर्षं मागणी पाठवली, ती पुढं कुठं जायची हे तुम्हाला माहिताय का?

खरं सांगतो, मला पूर्ण माहीत नव्हतं. आम्ही जिल्हा कोर्टाला पाठवायचो, तिथून हायकोर्टाच्या रजिस्ट्रीला, तिथून विधी व न्याय विभाग, मग वित्त विभाग, आणि बांधकाम असेल तर पीडब्ल्यूडीचं एस्टिमेट वेगळंच. एस्टिमेट मंजूर होईपर्यंत दर बदलतात, मग सुप्रमा घ्या, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर.

एका तालुक्याच्या कोर्टात (नाव घेत नाही, आता तिथं माझ्यानंतरची पोरं आहेत) रेकॉर्ड रूमची कौलं फुटली होती. पहिल्या पावसाळ्यात पत्र पाठवलं, दुसऱ्या पावसाळ्यात स्मरणपत्र, तिसऱ्या पावसाळ्यात ते बघायला माणूस आला. तोवर आम्ही बाजारातून ताडपत्री आणून दप्तरावर टाकली होती, पाऊस जोरात आला की पट्टेवाला रात्रीचा उठून जाऊन बघून यायचा. त्या बासनांत लोकांच्या जमिनीचे पन्नास-पन्नास वर्षांचे निकाल होते हो. कौलं बदलायला खर्च किती, तर तेवढ्या पैशात तेव्हा एक बरी मोटरसायकल आली नसती. पण तेवढेही खर्च करायचा अधिकार त्या इमारतीत बसणाऱ्या कुणालाच नव्हता.

आणि साक्षीदार भत्ता. फौजदारी केसमध्ये सरकारतर्फे आलेल्या साक्षीदाराला एसटीचं भाडं आणि दिवसाचा भत्ता मिळतो, पण ग्रँट संपली की संपली. जानेवारी-फेब्रुवारीत हे ठरलेलं. एकदा एक म्हातारा दुर्गम गावातून पहाटेची गाडी धरून आला, आरोपी गैरहजर म्हणून पुढची तारीख पडली आणि मी त्याला सांगितलं की आजोबा, भत्त्याचे पैसे शिल्लक नाहीत, बिल करून ठेवतो. तो काही बोलला नाही, नुसता बाकावर बसून राहिला. मग कारकुनानं खिशातून गाडीभाडं दिलं. पुढच्या तारखेला तो म्हातारा आलाच नाही. साक्षीदार येत नाहीत, लोक फितूर होतात म्हणून बोंब मारतात त्यांनी हा बाक एकदा बघावा.

भाचीनं मला दोन शब्द शिकवले जे मी कागदावर आयुष्यभर बघत होतो पण त्यांच्यातला फरक डोक्यात गेला नव्हता. भारित आणि दत्तमत. हायकोर्टाचा प्रशासकीय खर्च घटनेप्रमाणं राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही, तो द्यावाच लागतो. आणि गारगोटीच्या, चंदगडच्या, राधानगरीच्या कोर्टाचा खर्च दत्तमत, म्हणजे खात्याच्या मागणीत बसून सभागृहात मंजूर व्हायचा. मतदान होतं म्हणजे चर्चासुद्धा करता येते. रस्त्यावर, धरणावर, ऊसदरावर आमचे आमदार तास तास बोलतात, बोलायलाच पाहिजे, पण तालुका कोर्टाच्या मागणीवर कोण कधी बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही.

लोकांना वाटतं कोर्ट स्वतःच कमावतं. कोर्ट फी घेतात की, दंड घेतात की. तर बाबांनो, तो सगळा पैसा ट्रेझरीत जातो. २०१८ साली राज्यानं कोर्ट फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर नेली, पण फी वाढली म्हणून कोर्टाच्या छताला काय मिळेल असं काही नसतं.

यावर मी भाचीला म्हटलं, मग दंडाचे पैसे कोर्टालाच ठेवू द्या की, प्रश्न मिटला. ती हसली आणि अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावाची गोष्ट सांगितली. वीसेक हजार वस्तीचं गाव. तिथं गावचं कोर्ट आणि पोलीस गावाच्या तिजोरीसाठी दंड गोळा करायला लागले, पार्किंगसारख्या किरकोळ गोष्टीचा दंड चुकला तर वॉरंट, मग त्यावर आणखी फी. २०१५ मध्ये त्यांच्या केंद्र सरकारच्या न्याय खात्यानं चौकशी अहवालात हे सगळं मांडलं आणि त्याच वर्षी मिसुरी राज्यानं कायदा करून वाहतुकीच्या दंडातून गावांनी किती टक्के कमवायचं याला आणखी चाप लावला. मला पटलं. ज्या कोर्टाचा पगार दंडावर चालतो ते कोर्ट माणसाकडं गिऱ्हाईक म्हणून बघणार, त्यापेक्षा आमची ताडपत्री बरी.

मग पैसा राज्यानंच द्यायचा, आणि वेळेवर द्यायचा. केंद्र काही देत नाही असं नाही, १९९३-९४ पासून कोर्टाच्या इमारती आणि न्यायाधीशांच्या घरांसाठी केंद्राची योजना आहे, आपल्यासारख्या राज्याला ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य. पण राज्याचा वाटा आणि फाईल हलली नाही तर ते साठसुद्धा कागदावरच राहतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा औरंगाबादला खंडपीठाच्या इमारतीच्या कार्यक्रमाला आले होते, तिथंच त्यांनी सांगितलं की देशातल्या २६ टक्के कोर्ट संकुलात बायकांसाठी वेगळं टॉयलेट नाही आणि शुद्ध पाण्याची सोय ५४ टक्क्यांतच आहे. त्यांना यासाठी देशपातळीवर वेगळं प्राधिकरण हवं होतं, राज्यांचं त्यावर जमलं नाही. न्यायाधीशांच्या संख्येचंही तेच, १९८७ मध्ये विधी आयोगानं दहा लाख लोकांमागं ५० म्हटलं, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच वर्षांत करा म्हणून सांगितलं, आणि आज मंजूर पदांचाच आकडा २१ च्या आसपास अडकलाय.

पण मी मोठ्या आकड्यांचा माणूस नाही. माझं म्हणणं नाझराच्या टेबलावरचं आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या हातात दरवर्षी दुरुस्तीसाठी एक ठरलेली रक्कम द्या, कौलं, नळ, टॉयलेट, यासाठी मुंबईला विचारायला लागू नये. साक्षीदार भत्ता वर्षअखेरीला संपणार नाही एवढा धरा, तो खर्च किती होतो हे मागच्या रजिस्टरवरून कुणीही सांगेल. आणि मार्च एंडला कुठल्या कोर्टाचे किती पैसे न वापरता परत गेले ते त्या कोर्टाच्या नोटीस बोर्डावर लावा, वकिलांना आणि पक्षकारांना कळू दे. परत का जातात, तर ग्रँट फेब्रुवारीच्या शेवटी हातात येते आणि ३१ मार्चला ट्रेझरी बंद, एवढ्यात टेंडर काय कपाळ काढणार. मग सरेंडर, आणि पुढच्या वर्षी वित्त विभाग म्हणणार, तुम्हाला दिलेले खर्च होत नाहीत, कमी करा. हे चक्र मी किती वेळा बघितलं त्याचा हिशोब नाही.

आमच्या बार असोसिएशनच्या मंडळींना हात जोडून सांगणं आहे, बेंचसाठी जेवढा जोर लावला त्याच्या चार आणे जोर यासाठी लावा. यात मोर्चा नाही, फोटो नाही, कंटाळवाणं काम आहे, मान्य. भाची पण म्हणते की एका टिपणावर सहा महिने जातात आणि शेवटी अधिकाऱ्याची बदली होते, मग नवीन साहेबापुढं पहिल्यापासून.

तुमच्या पेपरानं एक करावं, मार्चमध्ये बजेट आलं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोर्टांसाठी काय मागितलं होतं आणि काय मिळालं हे कोपऱ्यात का होईना छापावं. आकडे काढून द्यायला आमची पोरगी तयार आहे, आणि ते जुळतात का बघायला मी रिकामाच बसलोय.

आपला,
एक निवृत्त नाझर
मंगळवार पेठ, कोल्हापूर